पाश्चात्त्य वाद्यवृंद आणि आपला श्रोता

संगीत ही विश्वभाषा आहे, हे वाक्य आपल्याकडे सभा-संमेलनांतून इतक्या वेळा उच्चारले जाते की, ते खरे की खोटे हे तपासून पाहण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली आहे. ते उच्चारणारे बहुधा स्वतःच्या परिचयाच्या संगीतापलीकडे जात नाहीत. कारण भाषा जर सर्वांची आहे, तर ती शिकावयास जाण्याचे प्रयोजनच काय? याच्या उलट दुसरा एक पक्ष आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंद म्हणजे शे-पन्नास वाद्यांचा एकसमयावच्छेदेकरून चाललेला कोलाहल, असे म्हणून तो मोकळा होतो. वरवर पाहता हे दोन पक्ष परस्परविरोधी आहेत. परंतु दोघांचे फळ एकच, आणि ते म्हणजे ऐकण्याचे श्रम वाचणे.

अलीकडे मुंबईस असा एक वाद्यवृंद प्रत्यक्ष ऐकण्याचा योग आला. कार्यक्रमातील प्रमुख कृती बीथोव्हनची पाचवी सिंफनी ही होती. पाश्चात्त्य संगीताच्या शास्त्रात आमची गती नाही. आमचा कान घडला तो ख्यालाच्या मैफलींत, नाट्यसंगीतात आणि देवळांतील भजनी सप्ताहांत. पुष्कळशा वाचकांचीही स्थिती याहून फारशी निराळी नसावी. तेव्हा एका परंपरेत मुरलेला, पण दुसरीत सर्वस्वी नवखा असा श्रोता या मैफलीस गेला तर त्याच्या पदरात काय पडते, काय निसटते, आणि त्याच्या पूर्वसंस्कारांपैकी कोणते त्यास साहाय्य करतात व कोणते आड येतात, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम जाणवते ती एक साधी गोष्ट. रंगमंचावर साठ-सत्तर वादक बसलेले असतात आणि त्यांच्यापुढे ध्वनिक्षेपक नसतो. जे काही ऐकू येते ते लाकूड, तात, चामडे, पितळ आणि मनुष्याचा श्वास यांतून निघून थेट कानावर येते. त्यामुळे हलका स्वर खरोखरच हलका असतो, आणि तो ऐकण्यासाठी हजार माणसे आपला श्वास आवरून धरतात. आपल्याकडे पन्नास श्रोत्यांच्या बैठकीतही तंबोऱ्यापुढे ध्वनिक्षेपक ठेवण्याची चाल पडली आहे. गायकाचा मंद्र षड्ज आणि तबल्याची थाप एकाच आकारमानाने अंगावर आदळतात, आणि मृदू व प्रखर यांतील अंतर नाहीसे होते. ज्या परंपरेने स्वराच्या लगावाचा इतका सूक्ष्म विचार केला, तिने ही हानी निमूटपणे सोसावी याचे वैषम्य वाटते. ते आम्हांस तीव्रतेने जाणवले, ते परक्या संगीताच्या सभेत.

वादनापूर्वी सर्व वाद्ये एका स्वरात मिळविली जातात. ओबो नावाचे एक फुंकवाद्य एकच स्वर लांबवर धरते आणि बाकीचे वादक आपापली वाद्ये त्याच्याशी जुळवून घेतात. तंबोरा जुळताना ऐकण्याची सवय असलेल्या आपल्या कानास येथे स्वाभाविकपणे वाटते की, हाच आजचा षड्ज. परंतु तो षड्ज नव्हे. पाचव्या सिंफनीचा आधारस्वर ज्याला तिकडे ‘सी’ म्हणतात तो. ओबो देतो तो ‘ए’, म्हणजे त्या हिशेबाने शुद्ध धैवत. एकदा वाद्ये जुळली की तो स्वर विरून जातो आणि पुढे अर्धा-पाऊण तास कोणीही आधारस्वर धरून बसत नाही. आपल्या मैफलीत तंबोरा हे घराचे जोते असते; येथे ते कोणी दाखवीतच नाही. जे काही बांधले जाते, त्यावरून जोते कोठे असेल हे श्रोत्याने ओळखावयाचे असते.

बीथोव्हनने या प्रकारातील अनिश्चिततेचा उपयोग पहिल्याच क्षणी केला आहे. जगभर परिचित असलेली ती सुरुवातीची चार स्वरांची आकृती आपल्या लिपीत मांडावयाची तर प प प आणि मग कोमल ग, त्यानंतर म म म आणि रे, अशी होईल. यांत षड्ज कोठे आहे? कोठेच नाही. तंतुवाद्ये आणि क्लॅरिनेट ही आकृती एकस्वराने वाजवितात. तिच्याखाली साथीचा एकही स्वर नसतो. कोमल गंधार हाच षड्ज असावा, असा भास त्या क्षणी होऊ शकतो. पुढे स्वरांची दाटी झाल्यावर खरा षड्ज निश्चित होतो. ज्या कानाला षड्जाचा शोध घेण्याची जन्माची सवय आहे, त्याला ही अस्वस्थता जितक्या उत्कटपणे जाणवेल तितकी त्या परंपरेतच वाढलेल्या श्रोत्यालाही कदाचित जाणवत नसेल, असे आमचे अनुमान आहे. आपला पूर्वसंस्कार येथे अडसर न होता साहाय्यकच होतो.

अडसर होतो तो याच्या पुढे. या संगीतात षड्ज स्थिर राहत नाही. तो प्रवास करतो. पहिल्या खंडाचा दुसरा विषय येतो, तेव्हा षड्जाचे ठाणे मूळच्या कोमल गंधारावर गेलेले असते. दुसरा खंड संथ आहे. तो मूळच्या कोमल धैवतास षड्ज मानून रचिला आहे. आपल्याकडे मूर्च्छनेच्या तत्त्वाने एखादा कलावंत क्षणभर षड्ज हलविल्याचा आभास निर्माण करतो. परंतु तंबोरा त्या वेळीही मूळ षड्जच सांगत असतो, आणि गंमत असते ती त्या दोहोंतील ओढाताणीत. येथे तंबोराच नाही. त्यामुळे मूळ षड्ज मनात धरून बसणाऱ्या आपल्या श्रोत्यास मधूनमधून वाट चुकल्यासारखे होते. पण या संगीतातील नाट्य आहे ते नेमके या दूर जाण्यात आणि परतण्यात. घर सोडून गेलेला मनुष्य परत येताना त्याची वाट पाहावी, तशी येथे षड्जाची वाट पाहावी लागते. समेची वाट पाहण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्यास ही प्रतीक्षा अगदीच अपरिचित वाटू नये. समेच्या जागी षड्ज आणि आवर्तनाच्या जागी संपूर्ण खंड, एवढा पालट मात्र त्याने मनाशी करून घेतला पाहिजे.

स्वरसंहती हे या संगीताचे दुसरे वैशिष्ट्य. एकाच वेळी अनेक भिन्न स्वर निघतात, आणि त्यांच्या परस्परसंबंधातून एक तिसराच परिणाम साधला जातो. यासाठी मराठीत एक सर्वमान्य संज्ञा नाही. कोणी स्वरमेळ म्हणतात, कोणी स्वरसंवाद म्हणतात. परंतु संवाद हा शब्द वादी-संवादीच्या विचारात आधीच गुंतलेला असल्यामुळे अर्थाचा घोटाळा होतो. संज्ञेची ही अनिश्चितता नुसत्या शब्दाची नव्हे. ती आपल्या ऐकण्याची आहे. याचा पुरावा आपल्या प्रत्येक बैठकीत उपस्थित असतो. हार्मोनियम हे वाद्य १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये सिद्ध झाले. त्याच्या नावातच स्वरसंहती आहे. दोन्ही हातांनी अनेक स्वर एकत्र दाबावेत, यासाठीच त्याची घडण. आपण ते घेतले, एका हातास भाता दिला, दुसऱ्या हाताने गायकाच्या मागोमाग एकपदरी स्वर काढले, आणि ज्यासाठी ते जन्मले तेच त्यातून काढून टाकले. यात निंदेचे काही नाही. प्रत्येक संस्कृती परकी वस्तू आपल्या गरजेप्रमाणे घडविते. पण त्या पेटीत आणखी एक संगीत होते, याची जाणीव असावयास हवी.

प्रत्यक्ष सभेचा मोठा लाभ असा की, ही गुंतागुंत उलगडण्यास डोळे कानाचे वाटाडे होतात. ध्वनिमुद्रिकेवर जो स्वरांचा लोंढा वाटतो, तो समोर पाहिला असता निरनिराळ्या प्रवाहांत विभागला जातो. तिसऱ्या खंडाच्या मध्यभागी एक द्रुत विषय चेलो आणि डबल-बास या जड वाद्यांपासून सुरू होतो. त्यांच्यामागून व्हायोला तो उचलतात, मग दुसरी व्हायोलिने, मग पहिली. कीर्तनात बुवांचे पद टाळकऱ्यांनी उचलावे तसे हे वाटते. भेद एवढाच की, येथे आधीच्याने आपले बोलणे थांबविलेले नसते. गजांच्या हालचालीवरून विषय कोठे पोहोचला हे नवख्यासही दिसते. आणि दिसले म्हणजे ऐकू येऊ लागते. पहिल्या खंडातही असे एक स्थळ आहे. सारा वृंद आवेगाने धावत असता एकाएकी थबकतो, आणि एकटा ओबो लयीचे बंधन झुगारून एक लहानसा, आर्त स्वरवाक्यांश आळवितो. चार-सहा क्षणांचाच हा प्रसंग. परंतु आलापाची ओळख असलेल्या श्रोत्यास तेथे परक्या गावात आपल्या बोलीतील शब्द कानी पडावा तसा आनंद होतो.

कृतीचा कळस मात्र अन्यत्र आहे. तिसरा खंड संपत येताना आवाज इतका ओसरतो की, तंतुवाद्यांवर गजाऐवजी बोटांनी छेडलेले स्वर तेवढे उरतात. मग तेही मावळतात, आणि लांबविलेल्या, जवळजवळ निश्चल अशा स्वरांखाली टिंपनी नावाचे नगारे अत्यंत हलक्या हाताने एकच स्वर ठोकत राहतात. तो स्वर षड्ज होय. सबंध कृतीत तंबोऱ्याच्या जवळ जाणारे असे काही येते ते येथे, आणि तेही नगाऱ्यावर! हे स्थळ वेळाच्या मापाने अर्ध्या मिनिटाहून फारसे मोठे नाही. परंतु षड्ज हाती लागूनही आजूबाजूचे स्वर स्थिरावत नाहीत, यामुळे तो अवधी संपता संपत नाही. त्यानंतर खंड न पडता चौथा भाग उसळून येतो, कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार झळकतो, आणि आरंभापासून मुख्यतः आसावरी थाटाच्या स्वरांशी जुळणारी ही रचना बिलावलाच्या स्वरांत येऊन ठेपते. ही तुलना अर्थात केवळ स्वरांपुरती आहे, रागांची नव्हे. तरी एका श्रुतीस्थानाच्या पालटात एवढा उजेड मावू शकतो, हे रागसंगीताच्या उपासकांस पटवून द्यावे लागू नये.

या स्थळी आणखी एक गोष्ट दिसते; ती ध्वनिमुद्रिकेवर कळणे शक्यच नाही. ट्राँबोन या पितळी वाद्याचे तीन वादक आरंभापासून रंगमंचावर असतात. पहिल्या तीन खंडांत त्यांना एकही स्वर नाही. वीस-पंचवीस मिनिटे ते वाद्य मांडीवर घेऊन स्वस्थ बसलेले असतात. चौथ्या खंडाच्या प्रथम क्षणी ते वाद्य ओठांस लावतात, आणि सबंध वृंदाचा वर्णच पालटतो. त्यांच्यासमवेत सर्वांत उंच स्वराची पिकोलो आणि सर्वांत खर्जाचे कॉन्ट्राबसून ही वाद्येही याच खंडात प्रथम बोलतात. मौन हेही रचनेत लिहिलेले असते, ही गोष्ट डोळ्यांनी पाहिल्यावाचून पटत नाही.

नवख्याच्या वाटेत एक विघ्न मात्र हितचिंतकांनीच आणून ठेविले आहे, आणि ते म्हणजे कथा. पाचव्या सिंफनीची ती आरंभीची आकृती म्हणजे नियतीने दारावर मारलेली थाप, असे खुद्द बीथोव्हन म्हणाला होता, ही आख्यायिका त्याचा चरित्रकार शिंडलर याने प्रसृत केली. शिंडलरचा शब्द भरवशाचा नाही, हे आता सर्व अभ्यासक मानतात. त्याने बीथोव्हनच्या संभाषण-वह्यांत मागाहून खोटा मजकूर घुसडला, हेही सिद्ध झाले आहे. तरी कथा जात नाही, कारण ती सोयीची आहे. एकदा नियती दाराशी आली की, स्वर ऐकण्याचे कारण उरत नाही. श्रोता बहिऱ्या होत चाललेल्या कलावंताचे चरित्र ऐकू लागतो. वर्गात कविता शिकविताना कवीच्या दुःखाची हकीकत आधी सांगितली की, विद्यार्थी पुढे कविता वाचीतच नाहीत, हा आमचा पुष्कळ वर्षांचा अनुभव आहे. याच्या उलट १८१० साली लाइपझिगच्या संगीतविषयक नियतकालिकात हॉफमन याने या कृतीची जी समीक्षा लिहिली, तिच्यात वाङ्मयीन कल्पनाविलास भरपूर असूनही पाया स्वरलेखाच्या बारकाईने केलेल्या वाचनाचा आहे. कृतीची कीर्ती पसरविण्यात त्या लेखाचा वाटा मोठा. १८०८ च्या २२ डिसेंबरला व्हिएन्नात या सिंफनीचा पहिला प्रयोग झाला, तो सुमारे चार तास चाललेल्या, कडाक्याच्या थंडीत आणि अपुऱ्या तालमींनिशी झालेल्या कार्यक्रमात. थोर कृतीलाही चांगला श्रोता आणि चांगला समीक्षक मिळावा लागतो.

आता सभेच्या शिष्टाचाराविषयी. चार खंडांची कृती पूर्ण होईपर्यंत टाळी वाजवावयाची नाही, असा तेथील दंडक. आम्ही उपस्थित होतो त्या सभेत पहिला खंड संपताच मागील रांगांतून काही टाळ्या पडल्या. त्यावर पुढील रांगांतून ज्या मुद्रेने मागे पाहिले गेले, ती मुद्रा आम्हांस त्या टाळ्यांपेक्षा अधिक बेसूर वाटली. कारण हा नियम काही सनातन नव्हे. मोझार्टने १७७८ साली पॅरिसमध्ये आपली सिंफनी वाजत असता पहिल्या खंडाच्या मध्येच श्रोत्यांनी टाळ्यांचा गजर केल्याचे वडिलांस मोठ्या समाधानाने कळविले होते. १८१३ च्या डिसेंबरात बीथोव्हनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा खंड श्रोत्यांनी तेथल्या तेथे पुन्हा वाजवून घेतला. अखंड शांततेचा दंडक पुढच्या काळात हळूहळू रूढ झाला. तथापि तो निरर्थक आहे, असेही आम्ही म्हणणार नाही. आपल्या मैफलीत दाद ही निर्मितीतच सहभागी होते; एका जागेला मिळालेली ‘वाहवा’ पुढची जागा सुचविते. येथे पुढची जागा दोनशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेली आहे. दादेने ती बदलणार नाही. आणि मघाशी वर्णिलेले नगाऱ्याचे स्थळ मात्र एका खोकल्याने नासेल. दोन्ही रीती आपापल्या संगीतातून निपजल्या आहेत. एकीच्या मापाने दुसरीस असभ्य वा निर्जीव ठरविणे हा अन्याय होय.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे, कारण तो आपल्या गुणिजनांकडून प्रामाणिकपणे घेतला जातो. साठ-सत्तर वादक दुसऱ्याने लिहिलेले स्वर तंतोतंत वाजवितात. यात त्यांची प्रतिभा कोठे? आपला गायक एकाच वेळी कर्ता आणि सादरकर्ता असतो. तेथील वादक केवळ आज्ञाधारक. आक्षेपात तथ्य आहे. उपज हा जो आपल्या संगीताचा प्राण, तो येथे नाही, आणि आमच्या मनाला त्याची उणीव अखेरपर्यंत जाणवत राहिली. परंतु लिहिलेला स्वर म्हणजे वाजलेला स्वर नव्हे. आरंभीच्या आकृतीनंतर जो विराम लिहिला आहे तो किती लांबवावा, हे कागद सांगत नाही. वृंदसंचालकाच्या हातातील छडी सांगते, आणि त्या एका निर्णयाने पुढच्या साऱ्या खंडाचा स्वभाव ठरतो. ज्ञानेश्वरीची ओवीही लिहिलेलीच आहे. म्हणून सर्व प्रवचनकार एकसारखे ठरत नाहीत. शिवाय उपजेने जे साधत नाही ते या रीतीने साधते. तीन खंडांचे मौन आणि मग उसळणारा चौथा खंड, एवढ्या दूरवरचा बेत आधी आखल्यावाचून संभवत नाही. स्वातंत्र्याची किंमत देऊन त्यांनी वास्तुरचना मिळविली. वास्तुरचनेची किंमत देऊन आपण स्वातंत्र्य राखिले. हा सौदा समजून घेणे म्हणजेच दोन्ही संगीते समजून घेणे.

गोमंतकातील मराठी वाचकास तर या विषयाकडे परका म्हणून पाहण्याचा अधिकारच नाही. येथील चर्चना जोडलेल्या शाळांतून शतकानुशतके स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविले गेले. त्या शाळांतून निघालेले गोमंतकीय वादक मुंबईच्या सिंफनी वृंदांत बसले आणि हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणशाळांतही बसले. शंकर-जयकिशन यांच्या गीतांना वाद्यमेळाचा साज चढविणारे सेबॅस्टियन डिसोझा गोमंतकीय. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्व्हिस यांनी तर १९५८ साली मुंबईत भारतीय रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वृंदाकरवी सादर केल्या, आणि त्यात लता मंगेशकर व मन्ना डे यांचा सहभाग होता. म्हणजे स्वरसंहती आपल्या कानावरून गेली नाही असे नव्हे. चित्रपटगीतांच्या द्वारे ती घरोघर आली. आपण गायकाकडे लक्ष दिले, पाठीमागच्या वृंदाकडे दिले नाही, एवढेच. एका भिंतीपलीकडे मोतेत गाइले जात होते, अलीकडे भजन चालले होते. परंतु अलीकडच्यांनी पलीकडच्या संगीताचा मराठीत कधी नेटाने विचार केला, असे आढळत नाही. मुंबईत १९३५ साली मेहली मेहता यांनी सिंफनी वृंद उभारला. २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. इतक्या वर्षांत एखाद्या सामान्य मराठी श्रोत्याने हातात घेऊन सभेस जावे, अशी चार पानांची टिपणे आपण सिद्ध करू शकलो नाही. हा दोष वृंदांचा नव्हे. तो आमच्यासारख्या लिहित्या-शिकवित्या लोकांचा आहे.

१९७७ साली व्हॉयेजर याने अवकाशात गेली, तेव्हा त्यांच्यासोबत मानवजातीच्या संगीताची एक तबकडी पाठविली गेली. तीत बीथोव्हनच्या याच पाचव्या सिंफनीचा पहिला खंड आहे, आणि केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. दोघांना एका तबकडीवर जागा मिळाली याचा अभिमान आपण योग्यच बाळगतो. परंतु एका तबकडीवर असणे म्हणजे परस्परांस कळणे नव्हे. केसरबाईंचा षड्ज ज्याने मनोभावे ऐकला आहे, त्यानेच बीथोव्हनचा हरवलेला षड्ज शोधावयास जावे. त्याच्याइतका अधिकारी नवखा दुसरा कोणी मिळणार नाही. संगीत ही विश्वभाषा नाही. ती अनेक भाषांची मिळून झालेली सृष्टी आहे, आणि ज्याला आपली मातृभाषा चांगली येते, तोच दुसरी भाषा लवकर शिकतो, हे शिक्षकांस निराळे सांगणे नको.